थकव्यापाशी थांबलेली रेघ

परीक्षेला बसायचं एक वय असतं आणि ते अठ्ठावन्न नव्हे, असं डॉ. रत्नप्रभा फालकचं ठाम मत होतं. पण तिच्या मताला विचारतो कोण? दोनदा बसली, दोनदा नापास झाली. आता तिसरी वेळ, आणि तीच शेवटची. सावद्यासारख्या गावात अशी बातमी लपून राहत नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त इतकी वर्षं तिच्या हातच्या गोळ्या डोळे मिटून गिळणारी माणसं आता दारातून परत फिरून विचारायला लागली, "बाई, हीच ना नक्की?"

"हीच," ती म्हणायची, आणि मनातून जळायची.

परीक्षेचं नाव होतं विचारपरीक्षा. त्याचं असं झालं. दहा-बारा वर्षांपूर्वी दवाखान्या-दवाखान्यांतून 'साहाय्यक' आला. पेशंटने तक्रार सांगायची, यंत्राने ऐकायची, नाडी, रक्तदाब, रक्ताचे आकडे स्वतःच जुळवायचे आणि पडद्यावर निदान दाखवायचं. डॉक्टरने मान डोलवायची आणि सही करायची. बरं, यंत्र चुकायचंही क्वचित. त्यामुळे डॉक्टरांची विचार करायची सवयच मोडली. मग एका पावसाळ्यात कुठल्याशा सदोष सुधारणेमुळे साहाय्यकाने तीन जिल्ह्यांत एका तापाला भलतंच नाव दिलं, आणि शेकडो डॉक्टरांपैकी एकानेही "अहो, हे पटत नाही" असं म्हटलं नाही. सगळ्यांनी सह्या ठोकल्या. माणसं हकनाक गेली. तेव्हा कुठे वैद्यकीय आयोग जागा झाला आणि त्याने फर्मान काढलं: यंत्राशिवाय विचार करता येतो हे जो सिद्ध करील, तोच डॉक्टर. बाकीच्यांनी साहाय्यकापुढे बसून बटणं दाबावीत, पगार घ्यावा आणि स्वतःला 'चालक' म्हणवून घ्यावं.

चालक! नुसत्या शब्दानेच रत्नप्रभाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दवाखाने चालवणारी एक कंपनी तिच्या दवाखान्यावर टपूनच बसली होती. ती नापास झाली की त्याच खोलीत, त्याच खुर्चीत ते तिला चालक म्हणून बसवणार होते. भाडंही देणार होते मेले.

आता प्रश्न असा, की डॉक्टरने विचार केला हे ओळखायचं कसं? उत्तर बरोबर आलं म्हणून विचार केला असं होत नाही. ठोकून दिलेलंही कधी कधी बरोबर येतं. इथे एक शोध आयोगाच्या कामी आला. मेंदूच्या अभ्यासकांना आढळलं होतं, की माणसाच्या मनात एखादी नवी शक्यता डोकावते तेव्हा कपाळामागे एक ठरावीक लहर उठते आणि डोळ्याची बाहुली किंचित विस्फारते. तीच शक्यता तो निकालात काढतो तेव्हा वेगळी, उतरती लहर येते. शक्यता कोणती हे कळत नाही, मनातलं वाचता येत नाही. पण दार उघडलं की मिटलं, एवढं मात्र चोख कळतं. कपाळाला एक पट्टी बांधायची, तिचं नाव 'मागोवा'. समोरच्या पडद्यावर रेघ सरकत राहते. शक्यता उघडली की रेघेला फाटा फुटतो, मिटली की तो विझतो. नीट विचार करणाऱ्याची रेघ आधी झाडासारखी फुटत जाते आणि मग एकेक फांदी गाळत एकीवर येऊन थांबते.

रत्नप्रभाची रेघ तशी काही वाईट नव्हती. पोटदुखी म्हणा, ताप म्हणा, छातीतली कळ म्हणा, झकास फुटायची. दोन्ही वेळा ती आपटली एकाच तक्रारीवर. परीक्षेतला पेशंट म्हणाला, "डॉक्टर, फार थकवा येतो हो," आणि तिची रेघ जी आडवी झाली ती झालीच. एक फाटा फुटला नाही.

"यंत्र बिघडलेलं असणार," ती घरी येऊन म्हणाली.

"दोन्ही वेळा? आणि दोन्ही वेळा थकव्यालाच?" प्रल्हाद फालक म्हणाले.

हे तिचे यजमान. हायस्कूलमधून भूगोल शिकवून निवृत्त झालेले, स्नेहसंमेलनातल्या नाटकांत हौसेने म्हाताऱ्याची कामं केलेले. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली तेव्हापासून घरात दोघंच. दवाखान्याच्या मागेच घर. दुपारी दवाखाना बंद असतो तेवढ्या वेळात जेवणाच्या टेबलाशी तिचा अभ्यास चाले, आणि पेशंट कोण, तर फालक सर. टॅब्लेटवर आयोगाने दिलेल्या सरावाच्या केसेस होत्या. सर एक निवडायचे, मनात वाचून घ्यायचे आणि पेशंट होऊन बसायचे. ती कपाळाला मागोवा बांधून प्रश्न विचारायची.

"बाई, मी शेवंता. वय चाळीस. मला ना, लई थकवा येतो," सरांनी डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन सांगितलं.

"जेवण नीट आहे? झोप? बरं. टॉनिक लिहून देते."

"झालं?" सरांनी टॉवेल काढला. "अगं, बाईने अजून पाळीचं सांगितलं नाही, वजनाचं सांगितलं नाही. तुझी रेघ बघ. एवढी सपाट तर राजस्थानची वाळवंटंसुद्धा नसतात."

रत्नप्रभाने पट्टी काढून टेबलावर टाकली. सकाळपासून साठ-सत्तर पेशंट झाले होते. पाय ठणकत होते. ती म्हणाली, "मला माहीत आहे ती सपाट का होते ते. कुणी थकवा म्हटलं ना, की माझ्या मनात एकच येतं. बाई गं, मलाही येतो! सकाळी उठल्यापासून येतो. तुझं काय एवढं कौतुक? बस. त्याच्या पुढे डोकं जातच नाही माझं."

सर हसले नाहीत. "मग आधी तेच म्हणत जा," ते म्हणाले. "मनातल्या मनात म्हणायचं, मी दमलेय ते वेगळं, ही दमलीय ते वेगळं. आणि मग विचारायचं, थकवा म्हणजे नक्की काय होतं?"

ऐकायला सोपं वाटतं, पण मोडायची सवय तीसेक वर्षांची होती. महिनाभर दोघांनी दुसरं काही घेतलंच नाही. थकलेली शेवंता, थकलेला ट्रकवाला, थकलेली नवी सून, थकलेले सरपंच. सर नाना तऱ्हांनी थकायचे. हळूहळू रेघेला फाटे फुटायला लागले. आधी एक, मग दोन. एके दिवशी पाच.

आणि त्याचा गुण दवाखान्यातही दिसला. केळीच्या पॅकिंग शेडवर काम करणारी इंदूबाई कोळी वर्षभर येत होती. दर वेळी तेच गाऱ्हाणं: गळून गेल्यासारखं होतं. दर वेळी तेच टॉनिक. या खेपेला रत्नप्रभाने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"गळून जातं म्हणजे काय होतं, इंदूबाई? सगळं सांग."

इंदूबाई बावरली. तिला इतकं कुणी विचारलंच नव्हतं. मग सांगायला लागली: भर उन्हाळ्यात अंगावर चादर लागते, केस मूठमूठ जातात, आवाज घोगरा झालाय, पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही. रत्नप्रभाने तिचा गळा चाचपला. थायरॉइड! समोर वर्षभर बसलेलं होतं. रत्नप्रभाला आनंदही झाला आणि लाजही वाटली. पण एका इंदूबाईपायी बाहेर रांग खोळंबली, लोक कुरकुरायला लागले, आणि घरी जायला तिला चांगलाच उशीर झाला.

सर ताटं वाढून बसले होते. "आज जरा वर गच्चीत गेलो होतो," ते म्हणाले, "तर जिन्यातच बसावं लागलं बघ. कसंसंच—"

"जेवल्या जेवल्या चढू नका म्हणून किती वेळा सांगितलंय? ती पिवळी गोळी घ्या ॲसिडिटीची. डब्यात आहे." तिने आमटीचं पातेलं ओढलं. मान वर केली नव्हती.

"बरं," सर म्हणाले.

डॉक्टरच्या घरात असंच असतं. बाहेरच्याला झोपवून, पोट दाबून, जीभ बाहेर काढायला लावून तपासायचं. घरच्याला पोळी वाढता वाढता गोळी सांगायची. त्याला कोणी दुर्लक्ष म्हणत नाही, उलट त्यात एक रुबाब असतो. आमच्याकडे काय, घरातच डॉक्टर! फालकांच्या घरात सासूपासून मुलीपर्यंत सगळ्यांवर असेच उपचार झाले होते.

परीक्षा आठवड्यावर आली तशी एका दुपारी सर टेबलाशी येऊन बसले. टॉवेल नाही, काही सोंग नाही. हात मांडीवर ठेवून साधेच बसले.

"आज कोण?" तिने पट्टी बांधत विचारलं.

"निवृत्त माणूस. वय चौसष्ट. डॉक्टर, मला थकवा येतो."

*मी दमलेय ते वेगळं, हा दमलाय ते वेगळं.* "थकवा म्हणजे नक्की काय होतं?"

"आधी मी रोज स्टेशनपर्यंत फिरायला जायचो. आता निम्म्यात थांबतो. दम लागतो. जिना चढलो तर कानात ठोके ऐकू येतात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"वजन?"

"पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत."

रेघेला फाटे फुटत होते. रत्नप्रभा पुढे सरकून बसली. हृदय, फुफ्फुस, साखर, थायरॉइड. ती एकेक दार उघडत होती, प्रश्न विचारत होती, मिटत होती. पाय सुजतात का? नाही. खोकला? नाही. तहान, लघवी? नेहमीसारखी. छातीत दुखतं? नाही.

"काही वेगळं खावंसं वाटतं का? माती, खडू, कच्चे तांदूळ?"

"बर्फ," सर म्हणाले. "कडाकडा चावून खावासा वाटतो."

"वा!" तिच्या तोंडून निघूनच गेलं. पाठ्यपुस्तकातली खूण होती. अंगातलं लोह फार कमी झालं की माणसाला असे डोहाळे लागतात. "शौचाला कशी होते?"

"कधी पातळ, कधी घट्ट. कधी कधी काळपट. आणि उजवीकडे, इथे खाली, जड वाटतं."

"कुणा डॉक्टरला दाखवलं?"

"घरातच डॉक्टर आहे. सांगितलं दोन-चारदा. त्यांनी ॲसिडिटीची गोळी दिली."

"न तपासता?"

"न तपासता."

"कमाल आहे!" रत्नप्रभा खरंच चिडली. केसमध्ये ती इतकी बुडाली होती. "कसला डॉक्टर तो! चौसष्ट वर्षांचा माणूस झिजत चाललाय, आणि याने साधी पापणी खाली ओढून बघू नये? अशा माणसाकडून परवाना काढून घ्यायला हवा." मग ती एका दमात म्हणाली, "हे बघा. बाईमाणसाचं रक्त जायला कारणं असतात. साठीच्या पुढच्या पुरुषाला लोह कमी पडलं, तर ते कुठून तरी गळतंय. ते पोटातूनच, असं धरून चालायचं. मोठ्या आतड्याची उजवी बाजू. गाठ नाही असं सिद्ध होईपर्यंत गाठ आहे असंच समजायचं. रक्त आजच, दुर्बिणीने तपासणी याच आठवड्यात."

मागोव्याच्या पडद्यावर भलंमोठं झाड फुटून एका फांदीवर येऊन थांबलं होतं. खाली गुण आले: ब्याण्णव. इतके तिला कधीच पडले नव्हते. तिने आनंदाने टेबलावर थाप मारली.

"बरोबर ना? उत्तर बघा की टॅब्लेटमध्ये!"

"टॅब्लेट परवा तू दुरुस्तीला टाकलास," सर म्हणाले.

"मग ही केस..."

नाटकातला माणूस वाक्य विसरला की जसा समोर बघत राहतो तसे सर बघत राहिले. रत्नप्रभा उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने फ्रीजचा वरचा खण उघडला. बर्फाचा ट्रे रिकामा होता. महिनाभर तो असाच रिकामा सापडत होता आणि महिनाभर ती कामवालीवर करवादत होती.

ती परत आली. कपाळावरची पट्टी काढायचंही तिला सुचलं नाही. तिने सरांची पापणी अंगठ्याने खाली ओढली. आत लाली म्हणून नव्हती. तिने त्यांना पलंगावर आडवं केलं, गुडघे दुमडायला लावले आणि पोटावर हात ठेवला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. या हाताने तिने निम्म्या तालुक्याची पोटं तपासली होती, नवऱ्याचं आज पहिल्यांदा. उजवीकडे, खाली, बोटांना ती लागली. लिंबाएवढी, कठीण.

"मला सरळ का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. "असं सोंग घेऊन कशाला सांगायचं?"

"सरळच सांगत होतो की गं दिवाळीपासून," सर छताकडे बघत म्हणाले. "पण तू संध्याकाळी घरात येतेस तेव्हा तुझ्यात काही उरलेलं नसतं. मला दिसतं ना. म्हटलं, बायको दमलीय, डॉक्टरीणबाईंना गाठू. त्या दुपारी भेटतात." आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण काय विचारलंस गं! इतकं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

रत्नप्रभा त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडली.

दुसऱ्याच दिवशी दोघं जळगावला गेले. हिमोग्लोबिन सात. दुर्बिणीत गाठ दिसली, तुकडा काढला, तो कर्करोगाचाच निघाला. सर्जन म्हणाले, पसरलेली दिसत नाही, पण आता दिवस दवडू नका. त्यांनी ऑपरेशनला गुरुवार दिला. आणि गुरुवारीच, नाशिकला, तिची परीक्षा.

"तू जा," सर म्हणाले. "मी भुलीत असणार. तू बाहेर बसलीस काय आणि नाशिकला बसलीस काय, मला काय कळतंय?"

"मला कळतंय ना!" ती ओरडली. ती गेली नाही. तिसरी संधी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून तिने घालवली आणि तिला त्याचं क्षणभरही वाईट वाटलं नाही. दुपारी सर्जन बाहेर आले, म्हणाले, सगळी निघाली.

वाईट वाटायला सुरुवात झाली चार दिवसांनी. सर उशीला टेकून पेज प्यायला लागले होते. कंपनीच्या माणसाचा फोन येऊन गेला होता, मोठ्या गोड आवाजात: मॅडम, आता पुढे काय ठरवलंय?

"अगं, त्या दुपारचं सत्र पाठव ना," सर म्हणाले. "गुण पडेपर्यंतचं सगळं बोलणं मागोव्यात नोंदलेलं असतं." "नियम तूच मला वाचून दाखवला होतास. खऱ्या पेशंटला तपासताना मागोवा बांधलेला असेल, निदान पुढे तपासणीत खरं ठरलं असेल आणि पेशंटची हरकत नसेल, तर परीक्षेऐवजी तेच धरतात. पेशंट खरा होता. निदान खरं ठरलं. माझी हरकत नाही."

"तुमच्या दुखण्यावर पास व्हायचं? मला नको असला परवाना."

"मग बटणं दाबणार? आणि गावाने कुणाकडे जायचं? त्या इंदूबाईला यंत्र विचारणारे का, गळून जातं म्हणजे काय होतं?" त्यांना धाप लागली. ते थांबले, मग हळूच म्हणाले, "आयुष्यात एक भूमिका मनापासून केली, ती तरी फुकट घालवू नकोस."

तिने सत्र पाठवलं. पेशंटचं नाव आयोगाकडे जात नाही, नुसता क्रमांक जातो. दोन दिवसांनी फोनच्या पडद्यावर आयोगाच्या डॉ. तडवी दिसल्या, चाळिशीच्या, नेमकं बोलणाऱ्या. रत्नप्रभा वॉर्डाबाहेरच्या गॅलरीत उभी होती. दार उघडंच होतं, सरांना आतून सगळं ऐकू येत होतं.

"अभिनंदन, फालक मॅडम," डॉ. तडवी म्हणाल्या. "मी हे सत्र दोनदा पाहिलं. थकव्याच्या केसला इतकी सुंदर रेघ मी या वर्षी पाहिलेली नाही. ब्याण्णव गुण कायम होताहेत. तुमचा परवाना आज निघेल."

आतून सरांनी हळूच टाळी वाजवलेली रत्नप्रभाला ऐकू आली.

"फक्त एक बाब राहिली. पेशंट म्हणतो, घरातच डॉक्टर आहे, त्यांनी न तपासता गोळी दिली. तुम्हीही त्यावर बरंच बोललात आणि योग्य बोललात. पण नियमाप्रमाणे निदान चुकवलेल्या डॉक्टरचं नाव नोंदवावं लागतं. त्याची चौकशी होते आणि ती संपेपर्यंत त्याचा परवाना थांबतो." डॉ. तडवींचा आवाज जरा सैल झाला. "अर्थात, नाव माहीत नाही असंही लिहिता येतं. घरातली माणसं असतात, कुणाला दुखवायचं नसतं. बहुतेकजण तसंच लिहितात. तसंच घालू का?"

आत टाळी थांबली होती. मग सरांचा आवाज आला, घाईघाईने, दबका: "हो म्हण. रत्ना, हो म्हण."

रत्नप्रभाला इतका शीण आला होता, की एका 'हो'वर सगळं संपलं असतं तर तिला हवंच होतं. दवाखाना, खुर्ची, गाव, सगळं त्या एका अक्षरापलीकडे होतं. तिने दारातून आत बघितलं. सर उशीवरून अर्धवट उठले होते, पोटावरच्या टाक्यांवर हात धरून, आणि मानेने तिला खुणावत होते.

"नाव माहीत आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या. डॉक्टर रत्नप्रभा प्रल्हाद फालक. सावदा."

डॉ. तडवींनी निम्मं लिहिलं आणि त्या थांबल्या. "मॅडम, हे तर तुमचं... म्हणजे हा पेशंट..."

"माझे यजमान."

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे नोंदवलं, तर आजचा परवाना आजच थांबेल. चौकशीला वर्ष लागतं, दोन लागतात. शेवटी काय निघेल हे मी सांगू शकत नाही. तुम्हाला विचार करायला वेळ हवा असेल, तर उद्या बोलू."

"नको," रत्नप्रभा म्हणाली. "दिवाळीपासून करायला हवा होता तो विचार त्या दुपारी करून झालाय. लिहा तुम्ही."